सह्याद्रीतला काजवा ओळखायचा कसा? नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याच्या परिसरात सादडा, हिरडा, बेहडा आणि जांभळाच्या झाडांवर काजवे लुकलुकू लागले की पाहायला आलेल्या बहुतेकांना फोटो कसा काढायचा, एवढाच प्रश्न पडतो. थोड्यांना मात्र पुढचा प्रश्न पडतो, की हा काजवा नेमका कोणता? मलाही तोच पडला होता. मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नाही, आणि पहिले दोन हंगाम माझे जवळजवळ वाया गेले, कारण मी रंगावरून नावे ठरवत होतो, बाटल्यांवर बॉलपेनने लिहीत होतो आणि प्रत्येक काजव्याला पूर्ण नाव मिळालेच पाहिजे असे धरून चाललो होतो. त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून ही पद्धत सविस्तर लिहीत आहे. पुढच्या बहुतेक पायऱ्या कोकणात, गोव्यात किंवा उष्ण कटिबंधातील इतर प्रदेशांतही लागू पडतात. परवानग्यांचा भाग मात्र भारतापुरता आहे.

१. आधी शब्द आणि कुळे नीट लावून घ्या

मराठीत ‘प्रजाती’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो आणि त्यातून बराच गोंधळ होतो. वर्तमानपत्रे तो स्पीशीजसाठी वापरतात, तर जुनी शास्त्रीय पुस्तके जीनससाठी. म्हणून या लेखात स्पीशीजला ‘जाती’ आणि जीनसला ‘वंश’ म्हटले आहे. जवळच्या जाती मिळून वंश होतो, आणि जवळचे वंश मिळून कुल.

काजवा ही माशी नसून भुंगेरा आहे. पाठीवरचे पुढचे दोन पंख कवचासारखे असतात आणि उडायचे पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. काजव्यांचे मुख्य कुल लॅम्पायरिडी असून त्यात जगभरातील २,००० हून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. आशियात उजेड देणारे दुसरे एक छोटे कुल आहे, रॅगॉफ्थॅल्मिडी. त्यातील माद्या आयुष्यभर अळीसारख्याच दिसतात आणि जमिनीवर बसून उजेड देतात. श्रीलंका आणि दक्षिण भारतातील डायॉप्टोमा ॲडम्सी ही या कुलातील जाती १८६० मध्ये कीटकशास्त्रज्ञ पॅस्को यांनी वर्णिली. तिच्या नराचा प्रत्येक डोळा वरच्या आणि खालच्या भागांत विभागलेला असतो.

उजेड देणारी प्रत्येक वस्तू काजवा नसते, हेही येथेच सांगून टाकतो. पावसाळ्यात भीमाशंकरसारख्या जंगलात कुजलेल्या लाकडावर न लुकलुकणारा, एकसारखा हिरवट उजेड दिसला तर ती बुरशी असते. न्यूझीलंडमधील वायटोमोच्या गुहा पाहून आलेले नातेवाईक ज्या ‘ग्लोवर्म’चे वर्णन करतात त्या एका माशीच्या अळ्या आहेत, भुंगेऱ्याच्या नव्हेत.

२. परवानगी आणि कागदपत्रे

भंडारदऱ्याभोवतीचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातून कोणताही वन्य प्राणी परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही, आणि काजवाही त्यात आलाच. ‘किडा तर आहे’ ही सबब चालत नाही. अभयारण्यात केवळ निरीक्षण करायचे असेल तर प्रवेशाचे स्थानिक नियम आणि रात्रीच्या वेळा वन विभागाच्या नाक्यावर विचाराव्यात, कारण हंगामातील गर्दीमुळे त्या बदलतात. नमुने गोळा करायचे असतील तर पुढील कागद जवळ ठेवावेत:

– मुख्य वन्यजीव रक्षकांकडे केलेला अर्ज आणि मिळालेला परवाना. अर्जात ठिकाण, कालावधी आणि नमुन्यांची कमाल संख्या स्पष्ट लिहावी.
– महाविद्यालयाचे किंवा संशोधन संस्थेचे पत्र. एकट्या हौशी माणसाचा अर्ज सहसा पुढे सरकत नाही, म्हणून जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागाशी आधी बोलावे.
– ओळखपत्राच्या आणि परवान्याच्या प्रती, छापील. डोंगरात फोनची बॅटरी आणि नेटवर्क दोन्ही दगा देतात.
– खासगी शेतात किंवा मालकी रानात जाणार असाल तर मालकाची लेखी संमती.

नमुना परदेशातील तज्ज्ञाला पाठवण्याचा विचार असेल तर जैवविविधता अधिनियम, २००२ लागू होतो. चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाहिल्याशिवाय पाकीट टपालात टाकू नये, मग आत काजव्याचा एक पाय असला तरी.

३. सामान

यादी मोठी दिसली तरी खर्च सूक्ष्मदर्शकाचाच असतो, आणि तो महाविद्यालयात वापरायला मिळतो.

– लाल जिलेटीन कागद लावलेली विजेरी. पांढऱ्या उजेडात काजव्यांची लुकलुक बिघडते.
– घड्याळ, तापमापक, पेन्सिल आणि जाड कागदाची वही.
– हाताने धरायचे जाळे, झाकणाच्या छोट्या काचेच्या कुप्या आणि मऊ चिमटा.
– १० पट मोठे दाखवणारे हातातले भिंग. टेबलावर कामासाठी १० ते ४० पटींचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक.
– ७० टक्के अल्कोहोल, आणि डीएनए तपासायचा असेल तर ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉल. हे दुसरे इथेनॉल उत्पादन शुल्क विभागाच्या नियंत्रणाखाली येत असल्यामुळे ते प्रयोगशाळेमार्फतच मिळवावे. शरीररचना पाहण्यापुरते औषधाच्या दुकानातले ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलही चालते.
– पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ग्लिसरीन, कीटकांच्या बारीक टाचण्या आणि सर्वांत बारीक कुंचला.

फॉर्मॅलिन वापरू नये. त्यात नमुना कडक होतो, सांधे हलत नाहीत आणि डीएनए निकामी होतो.

४. रात्री आधी उजेड नोंदवा, मग जाळे काढा

नवशिका काजवा दिसताच पकडतो, आणि तेथेच अर्धी माहिती हरवते. हातात धरलेला काजवा बिथरून बराच वेळ एकसारखा उजेड देत राहतो किंवा कशाही चमका मारतो. कोळ्याच्या जाळ्यात अडकलेल्याचेही तसेच. त्या उजेडाची नोंद निरुपयोगी असते. म्हणून मोकळ्या काजव्याकडे निदान १० मिनिटे काहीही न करता पाहावे.

नोंदीत पुढील गोष्टी याव्यात: सूर्यास्तानंतर किती वेळाने पहिली चमक दिसली, उजेडाचा रंग कसा होता, तो लुकलुकत होता की सतत मिणमिणत होता, काजवा उडत होता की पानावर बसून होता, जमिनीपासून किती उंचीवर होता आणि झाड कोणते होते. लय मोजताना एका चमकेच्या सुरुवातीपासून पुढच्या चमकेच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर धरावे. १० अंतरे हवी असतील तर ११ चमका मोजाव्या लागतात. मी एक संपूर्ण हंगाम दहाच चमका मोजून दहाने भागत होतो आणि माझे सगळे आकडे थोडे थोडे चुकत होते.

शेजारी तापमान लिहिणे अनिवार्य आहे. काजवा थंड रक्ताचा असल्यामुळे हवा गार झाली की त्याची लय मंदावते. पाऊस पडून गेल्यावरची नोंद आणि उकाड्यातली नोंद शेजारी ठेवली तर एकाच जातीच्या दोन जाती झाल्यासारखे वाटते. फोनच्या कॅमेऱ्याने चित्रफीत काढल्यास ती एकेक चौकट पुढे सरकवत नंतर मोजता येते, आणि डोळ्यांपेक्षा ती मोजणी पुष्कळ खात्रीची असते.

झाडावर डोळे लावून बसताना जमीन विसरू नये. उंच फांद्यांवर दिसतात ते प्रामुख्याने नर. गवताच्या बुडाशी, दगडी बांधाच्या फटीत, पालापाचोळ्यात दिसणारा मंद, न लुकलुकणारा ठिपका मादीचा किंवा अळीचा असू शकतो, आणि ओळख पटवताना तो अनेकदा जास्त उपयोगी पडतो.

५. थोडेच नमुने घ्या, आणि जिवंत असतानाच फोटो काढा

परवाना असला तरी एका ठिकाणाहून तीन-चार नर आणि मिळाल्यास एक मादी पुरेशी होते. काजव्याला थोडा वेळ कुपीत शांत राहू द्यावे आणि मग पाठीचा, पोटाचा आणि डोक्याच्या बाजूचा असे तीन फोटो मिलिमीटरची पट्टी शेजारी ठेवून काढावेत. पोटाचा फोटो नसेल तर नुसत्या फोटोवरून काजवा ओळखणे बहुधा अशक्य होते. आयनॅचरलिस्टसारख्या, लोकांनी टाकलेल्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर अडून राहिलेल्या बहुतेक नोंदींत नेमका हाच फोटो नसतो.

अल्कोहोलमध्ये नारिंगी आणि गुलाबी छटा फिकट होतात, म्हणून रंग जिवंतपणीच वहीत लिहावेत. कुपीच्या आत टाकायची चिठ्ठी पेन्सिलने लिहावी. माझ्या दुसऱ्या हंगामातील १४ कुप्यांमध्ये आज निळसर पाणी, कोरा कागद आणि ठिकाण नसलेले काजवे आहेत. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते हे मला महिन्याभराने कळले. ठिकाण आणि तारीख नसलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीने मेलेला किडाच.

६. टेबलावर: कुल, उपकुल आणि नर-मादी

येथून खरी ओळख सुरू होते. काजवा पोट वर करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि आधी तो काजवाच आहे ना, हे पाहा. लायसिडी आणि कँथरिडी या कुलांतील मऊ अंगाचे, नारिंगी-काळे भुंगेरे दिवसा हुबेहूब काजव्यांसारखे वाटतात, पण त्यांच्या पोटाच्या टोकाला फिकट पांढरे प्रकाशेंद्रिय नसते. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मेलॉइडी कुलातील भुंगेरे तर हाताने उचलूच नयेत. त्यांच्या अंगातील द्रवाने कातडीवर फोड येतात.

आता डोके पाहा. वक्षाच्या पुढच्या भागावर एक ढाल असते. वरून पाहताना डोके या ढालीखाली पूर्ण झाकले गेले असेल तर तुम्ही बहुधा लॅम्पायरिनी उपकुलाकडे किंवा लॅम्प्रिजेरा या वंशाकडे पोहोचलात. डोळे ढालीच्या पुढे डोकावत असतील आणि नर लुकलुकणारा असेल तर लुसिओलिनी उपकुलाची शक्यता मोठी आहे. आपल्याकडे झाडांवर एकत्र जमून चमकणारे काजवे याच उपकुलातील. डोके मोकळे, डोळे फुगीर, जबडे कोयत्यासारखे लांब आणि पोटाला मोठे प्रकाशेंद्रिय नाही, असा नर मिळाला तर रॅगॉफ्थॅल्मिडी कुलाचा विचार करावा.

लुसिओलिनीमध्ये नर-मादी ओळखण्यासाठी पोटावरचे पट्टे मोजावे लागतात, आणि या मोजणीत जवळजवळ प्रत्येक नवशिका चुकतो. पोटाचा पहिला पट्टा खालून दिसत नाही. जो पहिला दिसतो तो शास्त्रीय मोजणीत दुसरा असतो. त्यामुळे पुस्तकात ‘सहावा पट्टा’ लिहिले असेल तर तुम्हाला दिसणारा तो पाचवा. नरामध्ये दिसणारे पट्टे सहा असतात आणि त्यातील शेवटचे दोन, म्हणजे शास्त्रीय सहावा आणि सातवा, फिकट प्रकाशेंद्रियाचे असतात. मादीमध्ये दिसणारे पट्टे सात असतात, त्यातील पाचवाच फिकट असतो आणि त्यापुढचे दोन साधे असतात. एकदा हे बोटावर मोजून पाठ केले की नुसत्या भिंगाने, रानात उभ्या उभ्या, नर-मादी सांगता येते.

७. वंशापर्यंत पोहोचा, पण रंगावर विसंबू नका

लॅम्पायरिनीमधील डायाफेनिस या वंशाच्या ढालीवर, डोळ्यांच्या बरोबर वर, दोन पारदर्शक खिडक्या असतात. वंशाचे नावच पारदर्शक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. पायरोसीलिया वंशातही खिडक्या असतात, म्हणून शृंगिका, म्हणजे मिशा, पाहाव्यात: डायाफेनिसच्या साध्या दोऱ्यासारख्या, तर पायरोसीलियाच्या चपट्या आणि करवतीसारख्या दातेरी. लॅम्प्रिजेरा आकारावरून कळतो. तो आपल्याकडील सर्वांत मोठ्या काजव्यांपैकी आहे आणि त्याची बिनपंखी, फिकट पिवळी मादी काही सेंटिमीटर लांब असते.

लुसिओलिनीचे प्रकरण अवघड आहे. नारिंगी ढाल, पिवळसर पंखकवचे आणि त्यांची काळी टोके, एवढे वर्णन ॲब्सकॉन्डिटा चायनेन्सिस, ॲब्सकॉन्डिटा टर्मिनॅलिस आणि लुसिओला प्रीअस्टा या तिघांनाही लागू पडते. प्रीअस्टा या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी ‘टोकाला जळालेली’ असा आहे. काळे टोक दिसले म्हणून त्यातले एक नाव ठोकून देणे ही या क्षेत्रातील सर्वांत सामान्य चूक, आणि मीही ती आनंदाने केलेली आहे. जुन्या वर्णनांचाही येथे फारसा आधार मिळत नाही, कारण एकोणिसाव्या शतकातील अनेक वर्णने लॅटिनमध्ये किंवा फ्रेंचमध्ये, दोन-चार ओळींची आणि रंगावरच आधारलेली आहेत.

नावांचा प्रवासही लक्षात ठेवावा लागतो. चायनेन्सिस हे नाव लिनियसने १७६७ मध्ये दिले. पुढे ही जाती लुसिओला वंशात मोडू लागली आणि २०१३ मध्ये लेस्ली बॅलंटाइन व सहकाऱ्यांनी ॲब्सकॉन्डिटा हा नवा वंश मांडून तिला त्यात हलवले. म्हणून जुन्या यादीतील ‘लुसिओला’ आणि नव्या यादीतील ‘ॲब्सकॉन्डिटा’ ही दोन निराळी प्राणिनामे समजून तुमच्या गावची यादी फुगवू नका.

रंगाऐवजी नराच्या सातव्या पट्ट्यावर लक्ष द्यावे. तेथील प्रकाशेंद्रिय अखंड आहे की मधोमध दुभंगून दोन तुकड्यांत आहे, पट्ट्याची मागची कड गोल आहे की तिला टोके आहेत, पंखकवचांची टोके सरळ आहेत की खाली वळलेली, हे सारे चित्र काढून नोंदवावे. खाली वळलेली टोके हे आग्नेय आशियात खारफुटीवर चमकणाऱ्या टेरॉप्टिक्स वंशाचे ठळक लक्षण आहे. चित्र काढता येत नाही ही सबब सांगू नये. माझी चित्रे बटाट्यासारखी येतात, पण ती काढताना डोळ्यांना जे दिसते ते फोटो पाहून दिसत नाही.

८. नराचे जननेंद्रिय पाहणे

लुसिओलिनीमध्ये जातीपर्यंतचा खात्रीचा रस्ता येथूनच जातो, आणि त्याला पर्याय नाही. पोटाची शेवटची दोन-तीन वलये चिमट्याने अलगद वेगळी करून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात रात्रभर ठेवावीत. द्रावण कातडी आणि डोळे भाजते, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे घालावेत. सकाळी मांसल भाग विरघळलेला असतो. तो पाण्यात धुऊन कुंचल्याने साफ केला की आतला तपकिरी, कडक अवयव मोकळा होतो. त्याला मधला दांडा आणि दोन्ही बाजूंना एकेक पाळी असते. पाळ्या खालून पाहताना दांड्याच्या बाहेर दिसतात की त्याच्या मागे लपतात, त्यांची लांबी दांड्याइतकी आहे का आणि टोके कशी आहेत, हे वरून, खालून आणि बाजूने पाहून लिहावे.

हे काम पहिल्यांदा करताना अवयव मोडतोच. म्हणून पहिले हात रस्त्याकडेला मेलेल्या, ठिकाण ठाऊक नसलेल्या काजव्यांवर बसवावेत. साफ केलेला अवयव ग्लिसरीनच्या बारीक कुपीत घालून त्याच नमुन्याच्या टाचणीला खाली लावावा. वेगळ्या डबीत ठेवला की महिन्याभरात कोणाचा कोणता ते कळेनासे होते.

डीएनए तपासणीसाठी एक मधला पाय पुरतो. त्यातून सीओआय या, प्राण्यांच्या जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून तो जगभरच्या नोंदींशी ताडतात. मात्र ९९ टक्के जुळणी आली म्हणून हुरळून जाऊ नये, कारण समोरच्या नोंदीवरचे नाव कोणीतरी काळे टोक पाहूनच दिलेले असू शकते. त्या नोंदीमागे जपून ठेवलेला नमुना आणि जननेंद्रियाचे चित्र आहे का, हे आधी पाहावे.

९. अळी आणि अळीसारखी मादी

लॅम्पायरिडी कुलातील आजवर ज्ञात असलेल्या सर्व अळ्या उजेड देतात. सहसा पोटाच्या आठव्या खंडावर दोन ठिपके दिसतात. बिनपंखी मादीही तशीच दिसते, म्हणून दोघींची गल्लत होते. सोपी खूण पायाच्या टोकाला सापडते: अळीच्या प्रत्येक पायाला एकच नखी असते, तर प्रौढ मादीच्या पायाला सामान्यतः दोन. शिवाय अळीच्या शेपटीला चिकटून पुढे सरकण्यासाठी बोटांसारखा झुबका असतो.

खाद्यावरून कुलाचा अंदाज येतो. काजव्यांच्या अळ्या मुख्यतः गोगलगायी खातात, तर रॅगॉफ्थॅल्मस वंशाच्या अळ्या मिलिपीड, म्हणजे वाणी खातात. पावसाळ्यात वाण्याला गुंडाळून बसलेली चमकती अळी दिसली तर तिला हलवू नका. आधी फोटो काढा. अळी पाळून प्रौढ होईपर्यंत वाढवता आली तर तिची ओळख निर्विवाद ठरते, पण ओलावा राखणे आणि रोज बुरशी काढणे हे महिन्यांचे काम आहे आणि माझ्या तीनपैकी दोन अळ्या कोषाआधीच दगावल्या.

१०. नाव लिहिणे आणि नमुना जमा करणे

पुरावा जेथे संपतो तेथे नाव थांबवावे. वंशाची खात्री आहे पण जातीची नाही, तर वंशापुढे ‘एसपी.’ (स्पीशीजचे लघुरूप) लिहावे. जाती जुळतेसे वाटते पण जननेंद्रिय पाहिलेले नाही, तर ‘ॲब्सकॉन्डिटा सीएफ. चायनेन्सिस’ असे लिहावे, ‘सीएफ.’ म्हणजे ताडून पाहावे. माझ्या वहीतील निम्म्याहून अधिक नोंदी आजही ‘एसपी.’वरच आहेत, आणि त्या मी संकेतस्थळाने सुचवलेल्या पूर्ण नावाने भरून काढत नाही. नवी जाती सापडली असे वाटल्यास समाजमाध्यमावर नाव जाहीर करू नये. ज्यांवरून जातींना नावे दिली गेली ते जुने मूळ नमुने लंडन, पॅरिससारख्या शहरांतील संग्रहालयांत असतात आणि त्यांच्याशी तुलना झाल्याखेरीज ‘नवी’ हा शब्द वापरता येत नाही.

खुल्या नोंदीत नेमके झाड दाखवणारे अक्षांश-रेखांश झाकून ठेवावेत. गर्दीच्या पायाखाली बिनपंखी माद्या आणि अळ्या चिरडल्या जातात. नमुने भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाच्या पुण्यातील आकुर्डी येथील पश्चिम विभागीय केंद्रात किंवा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे ठेवण्याबाबत आधी पत्राने विचारावे. घरच्या कपाटात झुरळे आणि बुरशी दोन पावसाळ्यांत सारे संपवतात.

टाचणीवरील पहिल्या चिठ्ठीवर राज्य, जिल्हा, तालुका, गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, वेळ, झाड आणि गोळा करणाऱ्याचे नाव हवे. ओळखीची चिठ्ठी वेगळी आणि तिच्याखाली लावावी, तीवर ओळखणाऱ्याचे नाव आणि वर्ष असावे. पुढे कोणी तज्ज्ञ तुमचे नाव चुकीचे ठरवील. तेव्हा तुमची चिठ्ठी काढून टाकायची नाही, त्याची चिठ्ठी तिच्याखाली टोचायची. माझ्या एका नमुन्याच्या टाचणीवर आता अशा तीन चिठ्ठ्या आहेत, आणि तिन्हींवरची नावे वेगळी आहेत.